मशीन अंगठा घेत नाही, दोष कुणाचा?

प्रश्न : आमचं गाव तलमडुगु मंडलात आहे. आमच्या मोठ्या बाबांना तरुणपणी महारोग झाला होता. औषधाने तो कधीचाच बरा झाला, पण हाताची बोटं वाकडी राहिली, दोन-तीन तर झिजून आखूड झालीत. दर महिन्याला पेन्शन घ्यायला गेलं की मशीन त्यांचा अंगठा घेत नाही. मशीनवाला म्हणतो, "तुमच्या बोटातच फॉल्ट आहे." माझा पोरगा हैदराबादला इंजिनीअरिंग शिकतो. तो म्हणतो, फॉल्ट बोटात नाही, मशीनमध्ये आहे, आणि यावर जगात मोठी थिअरी आहे म्हणे. मला दोघांचंही पटत नाही. बोट तर खरंच खराब आहे, आणि मशीन बाकी सगळ्यांचं घेतं. मग दोष कुणाचा? आणि थिअरीने मशीन सुधारतं का?
— एक वाचक, तलमडुगु (जि. आदिलाबाद)

उत्तर : थिअरीचं नंतर बघू, आधी पेन्शनचं. अंगठाच लागतो असा कुठेही नियम नाही. आधार काढताना दहाही बोटांचे ठसे घेतलेले असतात, त्यातलं कुठलंही धड असलेलं बोट चालतं. बोटं चालत नसतील तर डोळ्यांची बुबुळं आहेत. आधार देणाऱ्या प्राधिकरणाने २४ ऑक्टोबर २०१७ च्या परिपत्रकात सगळ्या खात्यांना कळवलं आहे की ठसा जुळला नाही तर दुसरा मार्ग वापरा, तोही नसेल तर नोंदवहीत लिहून घ्या, पण माणसाला रिकाम्या हाताने परत पाठवू नका. सर्वोच्च न्यायालयाच्या २६ सप्टेंबर २०१८ च्या आधार निकालातही ठसा जुळला नाही एवढ्याच कारणाने कुणाचा लाभ अडू नये, हे नमूद आहे. मशीनवाल्याला हे ठाऊक नसेल तर तोंडी वाद घालू नका. एमपीडीओच्या (मंडल परिषद विकास अधिकाऱ्याच्या) नावे साध्या कागदावर अर्ज लिहा, परिपत्रकाची तारीख टाका आणि पोच घ्या. पोचेचा शिक्का असलेल्या कागदाचं वजन तोंडी बोलण्यापेक्षा नेहमीच जास्त असतं.

आता दोषाचं. मशीन बोट 'ओळखत' नाही, ते हिशेब करतं. बोटावरची रेषा कुठे संपते, कुठे दुभंगते, असे बिंदू ते टिपतं आणि पूर्वी घेतलेल्या ठशाशी ताडून गुण देतं. ठरलेल्या आकड्याच्या वर गुण गेले की हो, खाली राहिले की नाही. हा आकडा कुणीतरी टेबलाशी बसून ठरवलेला असतो. तो वर ठेवला तर लबाड अडतो, पण खराही अडतो. खाली आणला तर दोघेही सुटतात. शिवाय ठसा नीट उमटायला कातडीत थोडा ओलावा लागतो. महारोगात नसा मेल्या की त्या जागी घाम येणंच बंद होतं, कातडी कोरडी पडते, भेगाळते. म्हणजे रोग बरा झाला तरी मशीनला हवं तसं बोट परत येत नाही. आणि हे फक्त मोठ्या बाबांचं नाही. वर्षानुवर्षं कापूस वेचणाऱ्या बायका, चुना-सिमेंटात हात घालणारे गवंडी, सत्तरी ओलांडलेली म्हातारी माणसं, या सगळ्यांच्या रेषा पुसट असतात. आदिलाबादसारख्या कापसाच्या जिल्ह्यात ही मंडळी अपवाद नाहीत, पेन्शनच्या रांगेतली नेहमीची गिऱ्हाइकं तीच आहेत. 'बाकी सगळ्यांचं घेतं' असं तुम्ही लिहिलंय, ते पुढच्या महिन्यात रांगेत जरा थांबून पाहा.

तुमचा मुलगा ज्या थिअरीबद्दल बोलतोय तिची सुरुवात इंग्लंडात झाली. १९७० च्या दशकात तिथल्या काही अपंग माणसांनी स्वतःची संघटना बांधली आणि १९७६ मध्ये आपली मूलतत्त्वं छापली. म्हणणं सरळ होतं. शरीरात उणीव असणं ही एक गोष्ट, आणि समाजाने जिने, दारं, बस, शाळा अशा बांधल्या की त्या माणसाला वाटच राहिली नाही, ही दुसरी गोष्ट. पहिलीला डॉक्टर बघतील; दुसरी माणसांनी केलेली आहे, म्हणून माणसांना मोडता येते. या संघटनेत व्हिक फिंकेलस्टाइन नावाचा गृहस्थ होता. दक्षिण आफ्रिकेचा, मणक्याला इजा झालेला, वर्णद्वेषाविरुद्धच्या कामासाठी तिथे तुरुंगवास भोगून इंग्लंडला आलेला. कातडीच्या रंगावरून दारं बंद कशी होतात हे पाहिलेल्या माणसाला शरीराच्या ठेवणीवरून बंद होणारी दारं लगेच ओळखू आली, यात नवल नाही.

त्याने एक कल्पित गोष्ट रचली होती. एका गावात सगळेच चाकाच्या खुर्चीवर बसणारे. घरं त्यांनीच बांधली, तेव्हा दारं आणि छतं त्यांच्या उंचीची. पुढे चालती-फिरती थोडी माणसं तिथे राहायला आली. त्यांची डोकी चौकटींना आपटायला लागली, पाठी वाकल्या. गावच्या डॉक्टरांनी या बिचाऱ्यांची तपासणी केली, त्यांना अपंग ठरवलं, डोक्याला फुकट टोप्या दिल्या. दार उंच करायचं कुणाच्या मनात आलं नाही.

आपल्याकडे बरीच वर्षं चाललेलं अपंगत्वाचं 'सदरम' सर्टिफिकेट या गोष्टीशेजारी ठेवून पाहा. संयुक्त आंध्र प्रदेशाच्या काळात आलेली ही संगणकाची पद्धत. माणसाचं अंग तपासायचं, आकडे भरायचे, टक्केवारी बाहेर येते. चाळीस टक्के भरले तर लाभ, एकोणचाळीस भरले तर घरी. यात गुडघा किती वाकतो ते मोजलं जातं. घरापासून बसथांबा किती लांब आहे, वाटेत नाला आहे का, पेन्शनच्या खिडकीला किती पायऱ्या आहेत, हे कुठल्याच रकान्यात नाही. सर्टिफिकेट नको असं मी म्हणत नाही, टक्केवारीच्या कागदाशिवाय अपंगांचं पेन्शन मिळणार नाही. पण मोजमाप सगळं शरीराचंच चाललंय, एवढं ध्यानात असू द्या.

मात्र तुमची शंकाही खोटी नाही, आणि या थिअरीतल्याच पुढच्या अभ्यासकांनी ती घेतली आहे. सगळं समाजावर ढकललं तर दुखण्याचं काय? पायातली संवेदनाच गेलेली असेल तर ती काही रॅम्प बांधून येत नाही. महारोगाच्या बाबतीत तर हे जास्तच खरं. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात १९४६ पासून काम करणाऱ्या डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिलं की या रोग्यांची बोटं आणि पाय 'सडत' नाहीत. दुखतच नसल्यामुळे माणूस जखमेवर चालत राहतो, तापलेलं भांडं धरून ठेवतो, आणि अवयव झिजत जातो. यातून निघाली मऊ रबरी तळाची चप्पल. तिला खिळा मारत नाहीत. पट्टे चिकटवतात किंवा शिवतात, कारण बधिर पायात खिळा घुसला तरी कळणार नाही. शरीराच्या उणिवेकडे बारकाईने बघितलं म्हणूनच ही चप्पल झाली.

आणि गंमत अशी की ती अनेकांनी घातलीच नाही. चप्पल पायाला बरी होती, पण बाजारात तशी दुसरी मिळत नव्हती. लांबून पाहणाऱ्याला पायाकडे बघून कळायचं, हा दवाखान्यातला. लग्नाला, बाजारला जाताना माणसं ती घरी ठेवायची आणि साधी चप्पल घालून पाय फोडून घ्यायची. डॉक्टरच्या हिशेबी असा रोगी अडाणी. खरं तर तो माणूस दोन जखमांमधली कमी दुखणारी निवडत होता. पुढे मऊ तळ तोच ठेवून वरून चारचौघांसारख्या दिसणाऱ्या चपला करायला लागले, तेव्हा त्या जास्त वापरात आल्या. तळव्याचं गणित डॉक्टरांना आलं होतं, चारचौघांत वावरण्याचं गणित फक्त चप्पल घालणाऱ्याला येत होतं. थिअरीचा उपयोग मला दिसतो तो इथे.

याच्या उलट बाजूचं उदाहरण जयपूरचं. तिथल्या सवाई मानसिंग हॉस्पिटलात डॉ. प्रमोद करण सेठी अस्थिरोगतज्ज्ञ होते. पाश्चात्त्य पद्धतीचा कृत्रिम पाय बुटात घालायचा असे, त्याच्या आत ताठ लाकूड. डॉक्टरांच्या लक्षात आलं की रोगी पाय घेऊन जातात आणि कोपऱ्यात टाकून पुन्हा कुबड्या घेतात. का? तर त्या पायाने उकिडवं बसता येत नाही, मांडी घालता येत नाही, अनवाणी देवळात जाता येत नाही, चिखलाच्या शेतात उतरता येत नाही. सोफ्यावर बसणाऱ्या, बूट घालणाऱ्या माणसासाठी केलेली वस्तू जमिनीवर जगणाऱ्या माणसाला दिली होती. त्याच हॉस्पिटलात रामचंद्र शर्मा नावाचे कारागीर होते, शाळा जेमतेम शिकलेले, सगळे त्यांना मास्टरजी म्हणत. दोघांनी मिळून १९६८ च्या सुमारास रबरी पाऊल तयार केलं. आत स्पंज रबर आणि लाकडाचे तुकडे, वर कातडीच्या रंगाचं रबर, बोटांसकट. रबर पक्कं करायचं काम ट्रकचे टायर रिट्रेडिंग करणाऱ्या दुकानातून शिकले. घोटा सगळ्या बाजूंनी वळतो, पाणी लागलं तरी चालतं, बूट लागत नाही. १९७५ मध्ये जयपूरला भगवान महावीर विकलांग सहायता समिती निघाली आणि हा पाय फुकट वाटला जाऊ लागला. १९८१ मध्ये सेठींना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. तुमच्या भागातल्या पन्नाशीच्या लोकांनी हा पाय पडद्यावर पाहिलेला असणार. तेलुगूतल्या १९८५ च्या 'मयूरी'त सुधा चंद्रन ज्या पायावर नाचली तो हाच. (सिनेमात जिद्दीचं कौतुक भरपूर, कारागिराचं कमी. असो.)

जयपूर पायाची मेख रबरात नाही. पाय फेकून देणाऱ्याला डॉक्टरांनी दोष दिला नाही, त्याची तक्रार खरी धरली, ही मेख. तुमच्यापासून फार लांब नाही असं वरोऱ्याचं आनंदवन पाहा. १९४९ मध्ये बाबा आमट्यांनी महारोगी सेवा समिती काढली तेव्हा तिथे येणाऱ्यांचे हात तसेच होते, मोठ्या बाबांसारखे. त्याच हातांनी विहिरी खणल्या, शेती केली, माग चालवले. काम आणि अवजार हाताला जुळवून घ्यायचं, हात नाही म्हणून माणूस बाजूला काढायचा नाही, हा तिथला रोजचा रिवाज झाला. थिअरीचं पुस्तक इंग्लंडात छापायला अजून पंचवीस-सत्तावीस वर्षं होती.

आता मशीन सुधारतं का? सुधारतं, पण आपण होऊन नाही. डिसेंबर २०२३ मध्ये केरळात बोटंच नसलेल्या एका महिलेला आधार मिळेना म्हणून बोभाटा झाला. तेव्हा प्राधिकरणाला पुन्हा बजावून सांगावं लागलं की बोटं नसतील तर नुसत्या बुबुळांवर, आणि दोन्ही नसतील तर दोन्हींशिवाय नोंदणी करा. हा नियम आधीपासून होता, केंद्रावरच्या माणसापर्यंत पोचला नव्हता.

बोटाचं भांडण मिटतंय तोवर चेहऱ्याचं सुरू झालंय. मोबाइलवर बँकेचं केवायसी करताना समोरचा माणूस जिवंत आहे की फोटो, हे पाहण्यासाठी 'डोळे मिचकावा' असं सांगतात. ॲसिड हल्ल्यात डोळे आणि पापण्या गेलेल्या बायकांनी काय मिचकवायचं? प्रज्ञा प्रसून आणि इतरांनी सर्वोच्च न्यायालयात हाच प्रश्न विचारला, त्यांच्याबरोबर अमर जैन या दृष्टिहीन वकिलांचीही याचिका होती. ३० एप्रिल २०२५ रोजी न्या. जे. बी. पारडीवाला आणि न्या. आर. महादेवन यांच्या पीठाने निकाल दिला. डिजिटल सेवांपर्यंत पोचता येणं हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे असं सांगून वीस निर्देश दिले. मिचकावण्याखेरीज दुसरी रीत हवी, हे त्यातच आलं. मोठ्या बाबांच्या दृष्टीने ही बातमी महत्त्वाची आहे. महारोगात कधीकधी चेहऱ्याची नसही जाते आणि पापणी पूर्ण मिटत नाही. बोटाऐवजी चेहरा बघणारं मशीन आलं आणि त्याने डोळे मिचकवायला सांगितलं, तर हेच पत्र तुम्हाला पुन्हा लिहावं लागेल. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत महारोगातून बरे झालेले आणि ॲसिड हल्ला झालेले, दोघेही आहेत. एप्रिल २०२५ च्या या निकालाची तारीखही अर्जात घाला.

माझं मत विचाराल तर बोट खराब आहे हे खरंच, पण खराब बोटांची माणसं या देशात आहेत, भरपूर आहेत, आणि पेन्शन मुख्यतः त्यांच्यासाठीच आहे, हे ज्याने मशीन मागवलं त्याला ठाऊक असायला हवं होतं. दोष त्याचा. समोरच्या मशीनवाल्याचाही नाही, त्याच्यावर चिडू नका.

प्रश्न : त्याच पत्रात पुढे विचारतो. पोरगा शेवटच्या वर्षाला अंधांसाठी 'स्मार्ट काठी' करतोय. समोर काही आलं की काठी पीं-पीं वाजते. हे चांगलं काम आहे ना?

उत्तर : हेतू चांगला आहे. पण दर वर्षी देशभरातल्या कॉलेजांत अशा वाजणाऱ्या काठ्या तयार होतात, निकाल लागला की कपाटात जातात. अशा वस्तूंना अमेरिकेतल्या लिझ जॅक्सन या अपंग डिझाइनरने 'डिसॅबिलिटी डोंगल' असं नाव ठेवलंय. दिसायला झकास, बक्षीस हमखास, आणि ज्याच्यासाठी केली त्याने कधी मागितली नव्हती. हातवाऱ्यांची भाषा 'बोलून' दाखवणारा हातमोजा त्यातलाच. २०१६ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठाच्या दोन विद्यार्थ्यांना त्यासाठी मोठं बक्षीस मिळालं. मूकबधिरांनी विचारलं, आमच्या भाषेचं अर्धं व्याकरण चेहऱ्यावर असतं, ते मोज्यात कसं येणार? आणि शिकायचं सगळं आम्हीच का, ऐकू येणाऱ्यांनी थोडी खूण शिकायला काय हरकत आहे?

साधी पांढरी काठी मुकी नसते, हे तुमच्या मुलाला आधी कळू द्या. काठीचं टोक डांबरावर वेगळं वाजतं, मातीवर वेगळं, गटाराच्या झाकणावर पोकळ वाजतं. भिंत जवळ आली की आवाजाचा घुमारा बदलतो. त्या कानात तुम्ही पीं-पीं भरलं की आधीची माहिती गेली. शिवाय बाजारात काठी वाजायला लागली की दहा माणसं वळून बघणार, ते वेगळंच.

दिल्लीच्या आयआयटीत प्रा. एम. बालकृष्णन यांच्या गटाने 'स्मार्टकेन' केली, ती २०१४ मध्ये बाहेर आली. त्यांनी दृष्टिहीनांना बरोबर घेऊन आधी एवढंच शोधलं की पांढऱ्या काठीला काय कळत नाही. उत्तर मिळालं, गुडघ्याच्या वरचं. उभ्या ट्रकचा मागचा भाग, झुकलेली फांदी, उघडी खिडकी. काठी खालून निघून जाते, कपाळमोक्ष वरती होतो. म्हणून त्यांचं यंत्र नेहमीच्या काठीच्या मुठीला बसतं, फक्त वरचं बघतं, आणि वाजत नाही, हाताला थरथरून सांगतं. कान मोकळे राहतात.

मुलाला सांगा, सर्किट जोडण्याआधी एखाद्या दृष्टिहीन माणसाबरोबर आदिलाबादच्या बसस्टँडपासून बाजारापर्यंत चालून ये, आणि तोंड बंद ठेवून चाल. प्रोजेक्ट बदलला तर बदलू दे. विषय आवडला तर हैदराबादलाच नालसार विधी विद्यापीठात अपंगत्व अभ्यासाचं केंद्र आहे. सार्वजनिक जागा आणि सेवा अपंगांना किती वापरता येतात, यावर त्यांनी सर्वोच्च न्यायालयासाठी अहवाल केला होता. ८ नोव्हेंबर २०२४ च्या राजीव रतुरी खटल्याच्या निकालात न्यायालयाने त्याचाच आधार घेतला, आणि सोयीचे नियम नुसते शिफारशीपुरते न ठेवता सक्तीचे करा असं केंद्र सरकारला सांगितलं. इंजिनीअरने वाचण्यासारखा अहवाल आहे, वकिलांसाठी सोडून देऊ नये.

प्रश्न : मला दिसत नाही. जुन्या नोटा मी बोटाने ओळखायची, नव्या ओळखता येत नाहीत. वय झालं म्हणून की काय?
— एक वाचक भगिनी, तलमडुगु

उत्तर : वयाचा काही संबंध नाही, ताई. जुनी शंभराची नोट १५७ मिलिमीटर लांब होती, पाचशेची १६७, हजाराची १७७. दर टप्प्याला दहा मिलिमीटरचा फरक होता, तो बोटाला सरळ लागायचा. नव्या मालिकेत शंभराची १४२, दोनशेची १४६ आणि पाचशेची १५० मिलिमीटर आहे, रुंदी तिघींची सारखीच ६६. फरक चारच मिलिमीटरचा राहिला. डोळस माणसाने डोळे मिटून करून पाहावं, घडी पडलेल्या नोटेत तो सापडत नाही.

खूण आहे, ती अशी शोधा. नोटेच्या डाव्या-उजव्या कडांना तिरक्या उठावदार रेघा आहेत. शंभरावर चार, दोनशेवर चार आणि मध्ये दोन गोळे, पाचशेवर पाच. नोट कोरी असेल तोवर हे कळतं, चार हातांतून फिरली की उठाव बसतो. पन्नास आणि त्याखालच्या नोटांवर अशी खूणच नाही. रिझर्व्ह बँकेचं 'मणी' नावाचं मोबाइल ॲप १ जानेवारी २०२० पासून आहे. कॅमेऱ्यासमोर नोट धरली की रक्कम बोलून सांगतं, इंटरनेट लागत नाही. मात्र नोट खरी की खोटी हे ते सांगत नाही. नाण्यांचं त्यामानाने बरं झालंय. २०१९ च्या मालिकेतली नाणी आकार आणि वजनावरून वेगळी कळावीत अशी काढली आहेत, त्यातलं वीसचं बारा बाजूंचं आहे. सुट्टे घेताना दुकानदाराकडे वीसची नाणी मागत जा.